साखर पेठेतल्या रायटर काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

केंद्रीय लोकसेवा आयोगाचा निकाल लागला त्या आठवड्यात आपल्या चौकात माझ्या अभिनंदनाचा जो फ्लेक्स लागला होता, त्यावर माझ्या फोटोभोवती तेरा फोटो होते आणि त्यांतल्या अकरा जणांना मी कधी पाहिलेसुद्धा नव्हते. पुण्यातल्या ज्या क्लासात मी जेमतेम आठ महिने होते आणि ज्याने मध्येच शिक्षक बदलूनही फीचा एक रुपया परत केला नाही, त्याचे नावही खाली ठळक अक्षरांत होते. तुमचा फोटो मात्र नव्हता. तुम्हाला त्याचे काही वाटले नाही. उलट त्या फ्लेक्समुळे कट्ट्यावर दुपारी सावली पडते, असे तुम्ही आईला म्हणालात. मला मात्र वाटले, आणि अजूनही वाटते. म्हणून जे घरी येऊन सांगता आले असते ते आज सगळ्यांसमोर लिहीत आहे. तुमचे नाव मुद्दाम घालत नाही, कारण कागदावर नाव आले की मागोमाग समन्स येते, हे तुमचेच म्हणणे.

जे तुम्हाला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. पोलीस ठाण्यात गुन्ह्याचा तपास अधिकाऱ्याच्या नावावर असतो आणि सहीही त्याचीच असते. पण फिर्याद, जबाब, पंचनामा, अटकेची कागदपत्रे आणि शेवटी न्यायालयात जाणारे दोषारोपपत्र हे सगळे प्रत्यक्षात ज्याच्या हातून उतरते तो रायटर. चौतीस वर्षांच्या नोकरीतली एकवीस वर्षे तुम्ही हे काम केले. फिर्यादी तेलुगूत रडत सांगतो आहे, त्याचा भाऊ मध्येच कानडीत भर घालतो आहे आणि तुमची लेखणी मराठीत चालली आहे, हे दृश्य सोलापूरच्या ठाण्यांबाहेर फारसे दिसत नसावे. हवालदार म्हणून निवृत्त झालात आणि आमच्या खालच्या खोल्यांत राहायला आलात, तेव्हा मी पूर्वपरीक्षेत एकदा नापास झालेली, पुण्याहून परतलेली आणि कुणाशी धड न बोलणारी मुलगी होते.

आपली ओळख पाण्याच्या पाळीला झाली. चार दिवसांनी नळ यायचा, घागरींची रांग लागायची, आणि रांगेत उभ्या उभ्या मी लिहिलेली उत्तरे वाचत असायचे. एके पहाटे तुम्ही हात पुढे करून कागद मागितलात. प्रश्न पोलीस सुधारणांवरचा होता. माझे पहिलेच वाक्य होते, ‘पोलीस सुधारणा ही काळाची गरज आहे.’ तुम्ही विचारलेत, “कुणाची गरज? आणि कोणत्या काळाची?” पुढे मी लिहिले होते की आपले पोलीस आजही १८६१च्या कायद्याने चालतात. त्यावर तुम्ही हसलात आणि म्हणालात, “मी चौतीस वर्षे १९५१च्या मुंबई पोलीस अधिनियमाखाली काम केले. तुझा कायदा कुठल्या ठाण्यात वापरतात?” पुण्याच्या क्लासच्या छापील नोट्समध्ये १८६१च होते आणि मी ते न तपासता दहा वेळा लिहिले होते. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिलेले सात निर्देश मला तोंडपाठ होते. पण माझ्या स्वतःच्या राज्यातला शिपाई कोणत्या कायद्याखाली नोकरी करतो, हे ठाऊक नव्हते. त्या दिवशी आमची घागर रांगेतून मागे गेली आणि आईचे बोलणे खावे लागले, हेही नोंदवून ठेवते.

त्यानंतर तुम्ही जे शिकवलेत ते कोणत्याही क्लासच्या माहितीपत्रकात नसते. दर रविवारी तुमच्या बाहेरच्या खोलीचा पंचनामा लिहायचा. आधी चतुःसीमा: पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस आणि उत्तरेस काय. मग दारातून आत शिरल्यावर डाव्या हाताने सुरुवात करून खोली क्रमाने फिरायची. जे दिसते ते लिहायचे, जे वाटते ते लिहायचे नाही. पहिल्या रविवारी मी ‘जुनाट कपाट’ लिहिले, तर तुम्ही ‘जुनाट’ खोडून ‘लोखंडी, हिरवा रंग, डाव्या दाराचे हँडल तुटलेले’ असे वर लिहिलेत. दुसऱ्या रविवारी मी ‘मागील दारास कडी लावलेली होती’ असे लिहिले. तुम्ही लाल पेनाने त्याखाली तीनच शब्द लिहिलेत: ‘आतून की बाहेरून?’ मला तेव्हा हा निव्वळ खवचटपणा वाटला होता. मी चिडून वर गेले आणि दोन दिवस खाली उतरले नाही.

मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या एका पेपरला तीन तासांत वीस प्रश्न असतात. दहा गुणांना दीडशे शब्द, पंधरा गुणांना अडीचशे, म्हणजे वाचून, विचार करून आणि लिहून एका उत्तराला सरासरी नऊ मिनिटे मिळतात. तेवढ्या वेळात विशेषणे परवडत नाहीत, हे पंचनामे लिहून लिहून माझ्या हाताला कळले. आई कारखान्यात विड्या द्यायला जायची तेव्हा तपासणारा मोजता मोजता छाट बाजूला काढायचा आणि त्या विड्यांची मजुरी बुडायची. तुम्ही माझ्या उत्तरांतून तशीच छाट काढायचात. फरक इतकाच की कोणते वाक्य का गेले ते तुम्ही सांगायचात. आईला ते कुणी कधी सांगितले नाही. मी मराठी माध्यमातून लिहीत होते. ‘मराठीत लिहिणाऱ्यांना गुण मिळत नाहीत’ असे मला कितीतरी जणांनी बजावले होते. मराठी कमी पडत नाही, पुस्तकातून उचललेली मराठी कमी पडते, एवढेच तुम्ही म्हणालात आणि ठाण्यातल्या कागदांची मराठी माझ्यापुढे ठेवलीत. तीही सगळी चांगली नसते, ‘सदर इसम’ आणि ‘नमूद ठिकाणी’ यांनी ती बोजड होते, हे तुम्हीच कबूल केलेत.

नीतिशास्त्राच्या पेपरातल्या प्रसंगांवर तर आपले भांडणच व्हायचे. ‘आपण पोलीस अधीक्षक आहात, एका वजनदार व्यक्तीचा फोन येतो’ अशा प्रश्नाला मी सचोटी, वस्तुनिष्ठता, करुणा अशी सगळी मूल्ये ओळीने मांडायचे. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, “सगळे ठीक आहे, पण स्टेशन डायरीला नोंद केव्हा घेतलीस? वेळ टाक.” फोन आला, कुणाचा आला, काय सांगितले, किती वाजता, हे लिहून ठेवले की निम्मे वजन तिथेच उतरते, असा तुमचा अनुभव होता. मी ते परीक्षेत जसेच्या तसे लिहिले. त्या पेपरात मिळालेले गुण माझ्या सगळ्या सामान्य अध्ययनाच्या पेपरांत सर्वाधिक होते.

दुसऱ्या प्रयत्नात मी सीसॅटला, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या दुसऱ्या पेपरला, अडकले. तो पेपर केवळ पात्रतेचा असतो, तेहतीस टक्के पुरतात, आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते, माझेही झाले. त्या वर्षाबद्दल फार लिहीत नाही. एवढेच आठवते की तिसऱ्या अर्जाच्या वेळी तुम्ही शंभर रुपयांची नोट घेऊन वर आलात, फीचे पैसे म्हणून. महिला उमेदवारांना ती फी माफ असते हे सांगितल्यावर तुम्ही क्षणभर गोंधळलात, नोट खिशात घातलीत आणि संध्याकाळी नवी पेठेतून कागदांची दोन रिमे घेऊन आलात. आजही माझ्या ट्रंकेत त्यांतले काही कोरे कागद आहेत.

सेवेचा पसंतीक्रम भरताना बाबांचा आग्रह प्रशासकीय सेवेचा होता आणि तुम्ही पोलीस सेवेच्या बाजूने एकही शब्द बोलला नाहीत. उलट आषाढीच्या बंदोबस्ताला पंढरपूरला काढलेल्या रात्री सांगितल्यात: शाळेच्या व्हरांड्यात ओल्या फरशीवर टाकलेली सतरंजी, दिवसभर न सुटलेले बूट, आणि पाकीट वाटणारी गाडी तुमच्या पॉइंटपर्यंत पोहोचायच्या आत संपलेले जेवण. “तिथे एक साहेब रात्री दोन वाजता चालत आले आणि कोण जेवले नाही ते विचारून गेले. तेवढे जमणार असेल तर जा,” असे तुम्ही म्हणालात. मी पोलीस सेवा पहिली लिहिली. महिलांना त्या सेवेसाठी किमान १५० सेंटीमीटर उंची लागते. काकूंच्या शिवणाच्या टेपने तुम्ही मला दाराच्या चौकटीशी उभी करून मोजलेत, ती १५२ भरली, आणि खात्री पटेना म्हणून पुन्हा मोजलेत. चौकटीवरची पेन्सिलची रेघ पुसू नका.

दिल्लीला आयोगाच्या कार्यालयात, धोलपूर हाउसमध्ये, मुलाखत झाली. माझ्या अर्जात सोलापूर पाहून मंडळातल्या एका सदस्यांनी मे १९३०चा विषय काढला. गांधीजींच्या अटकेनंतर शहर उसळले, इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले गेले. त्यांच्यावरचा आरोप पोलिसांच्या खुनाचा होता. “तुम्हाला तर पोलीस व्हायचे आहे, मग तुम्ही कोणाच्या बाजूने?” असा प्रश्न आला. काका, हा प्रश्न तुम्ही मला दोन वर्षे आधीच, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी उभे राहून विचारला होतात आणि उत्तरही तुमचेच होते. ते चौघे आमचे हुतात्मे आहेत, आणि मेलेले शिपाईही कुणाच्या तरी घरचे होते; यांतले एक वाक्य बोलण्यासाठी दुसरे गिळावे लागत असेल, तर त्या माणसाने गणवेश घालू नये. मी ते माझ्या शब्दांत सांगितले. सदस्य काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त पुढच्यांकडे हात केला.

मसुरी आणि त्यानंतर हैदराबादची सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमी यांविषयी तुम्हाला फोनवर इतके सांगून झाले आहे की इथे पुन्हा नको. घोड्यावरून दोनदा पडले, त्यांतले एकच तुम्हाला कळवले होते.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहायला बसले ती सांगते. मला मध्य प्रदेश केडर मिळाले, आणि सध्या मी एका उपविभागाची अधिकारी आहे. इथे रायटरला मोहर्रिर म्हणतात. गेल्या पावसाळ्यात एका गावात, लग्नाला तीन वर्षे झालेली मुलगी घरात जळून मेली. लग्नानंतर सात वर्षांच्या आतला असा मृत्यू म्हटल्यावर कायदा वेगळ्या नजरेने पाहतो. मी पोहोचले तोवर घटनास्थळाचा पंचनामा लिहून तयार होता आणि हिंदीत त्याचा अर्थ एवढाच होता, की दरवाजा बंद होता, गावकऱ्यांनी तो तोडला. मी विचारले, “आतून की बाहेरून?” लिहिणाऱ्या उपनिरीक्षकाने माझ्याकडे तसेच पाहिले, जसे त्या रविवारी मी तुमच्याकडे पाहिले होते.

आम्ही पुन्हा आत गेलो. दाराच्या आतली कडी बाजूला सरकवलेली होती आणि तिच्यावर, तिच्या खाचेतसुद्धा, काजळीचा सलग थर होता. आग लागली तेव्हा ती लावलेली नव्हती. बाहेरच्या कोयंड्याचे चारही स्क्रू लाकडाच्या ढलप्यांसकट उपटलेले होते आणि भोकांतले लाकूड अजून पांढरे होते. म्हणजे कुलूप बाहेरून होते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करावे लागते, आणि सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. ते सगळे झाले. पण मोबाईलचा कॅमेरा कडीसमोर कुणीतरी न्यावा लागतो, तो आपण होऊन जात नाही. प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून याहून अधिक लिहिणे योग्य नाही. त्या रात्री दीड वाजता तुम्हाला फोन करावासा वाटला होता. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तुम्ही लवकर झोपता हे आठवून केला नाही. त्या उपनिरीक्षकाला मी ओरडले नाही. पुढच्या रविवारी त्याला माझ्या कार्यालयाचा पंचनामा लिहायला बसवले. त्याने ‘जुने टेबल’ असे लिहून आणले.

काका, या मदतीची परतफेड होत नाही आणि मी तसा प्रयत्नही करणार नाही. मी तुमची मनापासून ऋणी आहे, हे मात्र लेखी असावे अशी माझी इच्छा होती.

यंदा संक्रांतीच्या गड्डा यात्रेला सोलापूरला येणे जमणार नाही. त्याच दिवशी इथे नर्मदेच्या घाटांवर स्नानाची गर्दी असते आणि बंदोबस्त माझ्याकडेच आहे. पाकिटांची गाडी शेवटच्या पॉइंटपासून सुरू करून उलट फिरवायची, असे यंदा ठरवले आहे. काकूंना सांगा की शेंगा चटणी संपली. निम्मी माझ्या मोहर्रिरने खाल्ली आणि आता तो तिची चौकशी रोज करतो. बाबा पुढच्या महिन्यात इकडे येणार आहेत, त्यांच्याबरोबर दोन डबे पाठवाल का? एकावर त्याचे नाव घालते आहे.

तुमची,
वरच्या मजल्यावरची

वेळ: रात्रीचे ११ वाजून ४० मिनिटे.