पालिकेतच राहायचं ठरवलंय

तीर्थरूप बाबा आणि आई,

शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की आईचा गळा भरून येतो आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहिते आहे. जुन्या कंपनीने परत बोलावलं होतं, हे दादाने तुम्हाला सांगितलंच आहे. मी त्यांना नकार कळवला. पालिकेतच, सॉफ्टवेअरच्या कामावर राहणार आहे. आणि पाडव्याला घरी येता येणार नाही, मार्चअखेर आहे. दोन्ही एकदमच सांगून टाकते.

आता लगेच चष्मा काढून ठेवू नका बाबा, पुढचं वाचा.

पगार तिकडच्यापेक्षा कमी आहे, हे खरं. पण पतसंस्थेचं कर्ज फिटलेलं आहे, खोलीचं भाडं परवडतं आणि महिन्याला तुमच्या औषधांचे पैसे आधी बाजूला पडतात, मग बाकीचं. त्यात कधी खंड पडणार नाही. तुमच्यासारखी जुनी पेन्शन मला नाही, 1 नोव्हेंबर 2005 पासून पुढे लागलेल्यांना ती सहसा नाहीच. माझ्या पगारातून एनपीएसचा, म्हणजे नव्या पेन्शन योजनेचा, हप्ता कापला जातो. पण नोकरी कायम आहे आणि सरळसेवा परीक्षा देऊन मिळवलेली आहे. मराठीच्या पेपरला तुम्ही घोटून घेतलेले समास आणि प्रयोगच उपयोगी पडले. एवढं शिकून शेवटी पालिकेत, असं तुम्ही तोंडाने बोलला नाहीत. पण आईच्या बोलण्यातून ते मला ऐकू आलं. म्हणून हे सगळं लिहिते आहे.

आई विचारते, दिवसभर नेमकं करतेस काय? मिळकतकराचंच घे. सहामाही बिल थकलं की त्यावर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते. मार्च जवळ आला की कधीकधी अभय योजना निघते, म्हणजे अमुक तारखेच्या आत थकबाकी भरली तर शास्तीत सूट. आदेश संध्याकाळी हातात पडतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नागरी सुविधा केंद्राच्या खिडकीवर माणसं पासबुकं घेऊन उभी असतात. मधल्या रात्रीत ती सूट प्रोग्राममध्ये बसवायची. नुसती टक्केवारी बदलून भागत नाही. ज्याने थोडेच पैसे भरलेत त्याचं काय, ज्याची केस कोर्टात आहे त्याचं काय, एका मिळकतीवर चार भावांची नावं असतील तर पावती कुणाच्या नावाने, हे सगळं आधी करविभागातल्या जुन्या लोकांना विचारून घ्यावं लागतं. मी सगळ्यांत खालच्या पदावर आहे, त्यामुळे विचारायला जायचं काम माझं. मला ते फार आवडतं. कंपनीत मी कुणासाठी काय लिहिते आहे, हे मला कधी दिसलं नाही.

एक प्रसंग सांगते. बायकोच्या मृत्यूचा दाखला काढायला एक आजोबा आले होते, तुमच्याच वयाचे असतील. मृत्यूची नोंद वेळेत झालेली, 21 दिवसांच्या आतच, तरी स्क्रीनवर 'नोंद आढळली नाही'. आडनाव कऱ्हाडकर. खिडकीवरची मुलगी पुन्हा पुन्हा टाइप करत होती. मी शेजारी बसून पाहिलं. बाबा, आपल्याकडे तो अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना अक्षर तेच दिसतं, पण यंत्राला ती दोन वेगळी नावं वाटतात. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, आलेल्या नोंदी एका प्रकारच्या, नवीन टाइप केलेल्या दुसऱ्या. आजोबांचा दाखला मी नोंदणी क्रमांकावरून शोधून दिला आणि नंतर शोधायची पद्धतच बदलली, म्हणजे दोन्ही र एकच धरले जातील. ह्रस्व-दीर्घाचंही तसंच केलंय. सखुबाई टाकलं तरी सखूबाई सापडते. तुम्हाला ही ढिलाई पटणार नाही, पण दाखल्यावर छापताना मूळ नोंदीतलंच नाव येतं, त्याला हात लावलेला नाही.

तुम्ही शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पोराचं नाव लिहिण्याआधी बापाला दोनदा विचारायचात. उन्हाळ्यात निकालपत्रकं भरायला घेतलीत की मी पट्टी दाबून धरायचे आणि तुम्ही लाल शाईची रेघ ओढायचात. पट्टी हलली तर ओरडायचात आणि मग आईकडून माझ्यासाठी कोकम सरबत मागवायचात. त्या मुलाच्या आयुष्यभराच्या कागदांवर हेच नाव जाणार, असं म्हणायचात. मी आता तेच काम करते आहे. लोकसेवा हक्काचा 2015चा कायदा आल्यापासून ठरवून दिलेल्या सेवांना मुदत आहे. अर्ज किती दिवस कुणाच्या टेबलावर पडून आहे, ते आमचं सॉफ्टवेअर मोजतं. ते मोजणं बरोबर आहे की नाही, हे बघायला कुणीतरी आपलं माणूस आत हवं ना?

माझी काळजी करू नका. खोलीला सकाळी ऊन येतं, पाणी दोन्ही वेळ आहे. दुपारी आम्ही सगळ्याजणी डबे एकत्र उघडतो, लेखा विभागातल्या मावशी माझ्या ताटात जबरदस्तीने भाकरी वाढतात. आई, तुझी शेंगदाण्याची चटणी संपली. कुणी येणार असेल तरच पाठव, त्यासाठी बाबांना स्टँडवर पिटाळू नकोस.

आता मी सांगते ते करायचं. बाबा, बीपीची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून सोडायची नाही. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांगेत उभं राहायचं नाही. तुमच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, पण जीवनप्रमाणचा, म्हणजे तोच हयातीचा, दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही निघतो. दिवाळीच्या सुट्टीत मी येईन तेव्हा करून देईन. पेन्शन बंद होईल म्हणून कुणी फोन केला तर ओटीपी सांगायचा नाही, फोन ठेवायचा आणि मला लावायचा, मी ऑफिसात असले तरी. आई, माळ्यावर चढायचं नाही. गुढीची काठी शेजारच्या काकूंच्या मुलाकडून काढून घे. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रजा टाकली आहे, साहेबांनी हो म्हटलंय. तेव्हा आईला घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे मीच जाणार, अपॉइंटमेंट घेतली आहे. जुने एक्स-रे ट्रंकेत खालच्या बाजूला आहेत, ते तेवढे काढून ठेवा. पण ट्रंक दोघांनी मिळून उचलायची, बाबांनी एकट्याने नाही.

तुमची,
छकुली