ताई, त्या पेन्सिलीच्या ओळीबद्दल

आदरणीय ताई,

समोर बसून हे सांगायला गेले असते तर पहिल्याच वाक्यात अडकले असते, हे तुम्हाला माहीत आहे. लिहिताना माझा ‘प’ अडत नाही. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही काय केलंत हे आपल्या ख्रिस्ती मंडळीतल्या निम्म्या लोकांच्या लक्षातही आलेलं नाही.

मी लहानपणापासून बोलताना अडखळते. ओळीच्या सुरुवातीला ‘प’ आला की ओठ मिटतात ते मिटतातच. एरवी मी शब्द बदलून वेळ मारून नेते. दुकानात ‘पोहे’ न म्हणता ‘एक किलो ते द्या’ म्हणून बोट दाखवते. शास्त्रवचन वाचताना मात्र शब्द बदलता येत नाही, आणि बायबलातल्या स्तोत्रांत तर पानोपानी ‘परमेश्वर’. ज्याचं नाव घ्यायला उभं राहायचं तेच नाव तोंडातून निघू नये, याचं दुःख ज्याचं त्यालाच कळतं.

तुमच्या आधी गुरुवारच्या सभेचं नियोजन ज्यांच्याकडे होतं, त्यांचं नाव मी घेणार नाही. कोण वाचणार, कोण मनन देणार, म्हणजे वचनावर चार शब्द बोलणार, हे तिथल्या तिथे ठरायचं आणि फिरून फिरून तेच चौघे उभे राहायचे. एकदाच माझी पाळी आली. दुसऱ्याच ओळीला मी अडले, तर समोरून तिघांनी तो शब्द मोठ्याने पुरवला आणि त्या नियोजन करणाऱ्यांनी हात पुढे करून माझ्याकडून बायबल घेतलं. नंतर म्हणाले, “तुम्हाला त्रास नको.” त्यानंतर अकरा वर्षं मी सतरंज्या घातल्या, चहा केला, कप विसळले. त्या कामाचा मला कमीपणा वाटला नाही. पण ‘त्रास नको’ या दोन शब्दांनी मला मंडळीच्या सेवेतून बाहेर ठेवलं, आणि हे वाईट आहे असं त्या अकरा वर्षांत कोणालाच वाटलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही. बायबलातल्या मोशेनेही ‘मी जड जिभेचा आहे’ असंच म्हटलं होतं. देवाने त्याला घरी बसवलं नाही, त्याच्या वतीने बोलायला त्याचा भाऊ अहरोन सोबतीला दिला.

मग तुम्ही आलात. बँकेतून निवृत्त झालेल्या, चौकटीची वही आणि फूटपट्टी घेऊन. तीन महिन्यांचे गुरुवार एकदम आखलेत. वचनवाचन, छोटं मनन, एकाने भेटीला जायचं आणि दुसऱ्याने घरचं माणूस व्हायचं असा सराव, आजाऱ्यासाठी प्रार्थना कशी करावी, प्रत्येकापुढे नाव आणि मिनिटं. नव्या माणसाबरोबर जुना. तीन आठवडे आधी हातात चिठ्ठी. बायबलातल्या निर्गमच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, सांगतो की एकटा करशील तर थकशील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. तुम्ही पहिल्याच सभेत ते वाचून दाखवलंत आणि म्हणालात, “आपण बत्तीस जण आहोत, म्हणजे कामं बत्तीस हवीत.” इंदूरच्या रामबागेतल्या त्या लहानशा खोलीत मी मागे किटलीपाशी उभी होते. तेहतिसावी, असं मनात आलं.

माझी चिठ्ठी तुम्ही चहाच्या ट्रेखाली ठेवली होती. स्तोत्र १३६, वाचन. मी घाबरून घरी आले आणि दिव्याखाली पुन्हा पाहिली. शाईने लिहिलेल्या माझ्या नावाखाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात एक ओळ होती: ‘१ ते ३ सर्वांनी मिळून, ४ पासून तुम्ही, उत्तर सर्वांचं.’

बायबल उघडलं तेव्हा कळलं. त्या स्तोत्राला सव्वीस ओव्या, आणि प्रत्येक ओवीनंतर तेच, ‘कारण त्याची दया सनातन आहे.’ सुरुवातीला परमेश्वर, मग देवाधिदेव, मग प्रभूंचा प्रभू. माझी अडणारी अक्षरं बरोबर त्या पहिल्या तीन ओव्यांत, आणि त्याच तुम्ही सगळ्यांच्या तोंडी दिल्यात! सगळ्यांबरोबर म्हणताना मी अडत नाही. गीतं म्हणतानाही कधी अडले नाही. हे तुम्ही किती गुरुवार मागच्या रांगेत बसून ऐकलं असेल? पुढच्या प्रत्येक ओवीला सगळे उत्तर देणार, म्हणजे मला श्वास घ्यायला जागा. आणि कोणाला शंका यायचं कारण नाही, कारण हे स्तोत्र असंच आलटूनपालटून म्हणण्याजोगं आहे. मी त्या रात्री खूप रडले, ताई.

वाचताना ‘फारो’ला, म्हणजे मिसरच्या राजापाशी, अडलेच. खोलीत सगळे गप्प. कोणीतरी शब्द पुरवायला तोंड उघडलं तर तुम्ही नुसतं त्यांच्याकडे पाहिलंत. मग शब्द आला, आणि उत्तर आलं, ‘कारण त्याची दया सनातन आहे.’ पुढे तेविसावी ओवी आहे, आमच्या हीन अवस्थेत ज्याने आमची आठवण केली त्याच्याविषयीची. ती मी स्वच्छ वाचली.

सभा संपल्यावर तुम्ही चारचौघांत कौतुक केलं नाहीत. जिन्यात चपला घालताना एवढंच म्हणालात, “सोळाव्या ओवीपासून जरा घाई झाली. तिथे थांबत चला.” नव्या करारात प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे जोडपं उपदेश करणाऱ्या अपुल्लोला बाजूला घेऊन समजावतं, तसं. इतरांसारखीच माझीही चूक काढलीत, आणि त्याचंच मला जास्त बरं वाटलं. दया दाखवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण दुसऱ्याची अडचण कुठे आहे ते आधी शांतपणे ऐकायचं, मग काम असं आखायचं की त्याला मान खाली घालावी लागू नये, आणि वर त्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, हा चांगुलपणा वेगळा. त्याला वेळ द्यावा लागतो, फूटपट्टी घेऊन बसावं लागतं. बायबलातल्या इफिसकरांस पत्रात पवित्र जनांना, म्हणजे विश्वासणाऱ्यांना, सेवेसाठी सिद्ध करण्याविषयी लिहिलंय, ते कसं करायचं हे मला त्या चिठ्ठीवरून समजलं.

गेल्या महिन्यात एम. वाय. हॉस्पिटलमध्ये भेटीला गेलो, तेव्हा एका आजींनी स्तोत्र वाचायला सांगितलं. मी १३६ काढलं. उत्तर त्या देत होत्या, डोळे मिटून. दोनदा अडले. त्या थांबल्या, आणि शब्द आल्यावर पुन्हा म्हणाल्या.

एक विनंती आहे. नववीतली ती मुलगी, आईच्या मागे बसते, नाव विचारलं तरी ओठांतल्या ओठांत सांगते. पुढच्या तीन महिन्यांच्या वहीत तिचं नाव माझ्याबरोबर लिहाल का? तिला कोणतं अक्षर जड जातं ते मी ऐकून ठेवलंय.

तुमची,
किटलीपाशी उभी असायची ती