मीठ फुटलेलं रान

संपादक साहेब,
परवा पुतण्यानं मोबाईलवर स्पेनमधल्या अल्मेरियाचा सॅटेलाईट फोटो दाखवला, मला वाटलं बर्फ पडलाय, तर ते सगळं प्लॅस्टिक, जवळपास ३० हजार हेक्टर ग्रीनहाऊस! तिथं उन्हाळा कोरडा, पाऊस थंडीत आणि तोही थोडाच, मग भाजीपाल्यासाठी जमिनीतलं पाणी इतकं उपसलं की काही ठिकाणी समुद्राचं खारं पाणी आत शिरलं. डोंगरात वणवा लागून झुडपं जळाली की पुढच्या जोराच्या पावसात माती गेलीच म्हणून समजा.

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-रायबागकडं समुद्र नाही, पाऊस पण पावसाळ्यातच पडतो, तरी मीठ आहेच. कृष्णाकाठी उसाला पाणी सोडून झोपायचं, निचरा नाही, मग जमिनीतलं मीठ वर येऊन रान क्षारपड झालं की नशिबाला शिव्या (माझ्या पण दीड एकरावर पांढरा थर आलाय, खोटं कशाला बोलू). तिकडं वरच्या माळावर लोक बोअर मारून मारून कर्जात गेलेत.

१७ जूनला वाळवंटीकरणविरोधी (म्हणजे चांगली जमीन नापीक होऊ नये म्हणून) दिवस असतो, तेव्हा रोपं लावून फोटो काढतील. त्यापेक्षा शेतात निचऱ्याचे पाईप टाकायला सबसिडी कुठं मिळते तेवढं छापा की.

— एक ऊस शेतकरी, ता. अथणी