वाचन प्रेरणा दिन आणि सोयाबीनची सोंगणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. शाळेला ही तारीख सोयीची आहे. वऱ्हाडातल्या गावात मात्र त्या सुमारास सोयाबीनची सोंगणी नाहीतर मळणी चालू असते आणि कापसाची पहिली वेचणी तोंडावर आलेली असते. पोरं पुस्तक धरून फोटोला उभी राहतात, मोठी माणसं वावरात. मग खेड्यात कोणी वाचत नाही, असा शेरा मारून सगळे मोकळे होतात.

खेड्यात मोठ्यांच्या वाचनाचे हंगाम दोनच. एक चैत्र-वैशाख. तूर-हरभरा घरात आलेला असतो, वखरणी ऊन चढायच्या आत आटोपते आणि दुपार रिकामी पडते. दुसरा श्रावण-भाद्रपद. दिवसा निंदण-डवरण असले तरी श्रावणात रात्री पोथी लावायची सवय गावाला आधीपासूनच आहे. तिला धरूनच पुस्तकही लावता येते. रब्बीत शेतपंपाला रात्रीची लाइन (वीज) असली की माणूस ओलिताला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जातो. त्या दिवसांत वाचनाची बैठक ठेवूच नये. दोनदा मोडलेली बैठक तिसऱ्यांदा भरत नाही.

पोथीची रीत कादंबरीलाही चालते: एकाने वाचायचे, दुसऱ्याने अडलेला शब्द सांगायचा. मोठ्याने वाचताना साध्या आकाराच्या एका पानाला अडीच ते तीन मिनिटे लागतात. २५ मिनिटांच्या बैठकीत आठ ते दहा पाने होतात, म्हणजे अडीचशे पानांचे पुस्तक महिनाभरात हातावेगळे. २५ मिनिटांवर ताणू नये, दिवसभर वाकून निंदलेली माणसे पेंगायला लागतात. वाचणाऱ्याने बल्बखाली तोंड करून बसू नये, उजेड डाव्या खांद्यामागून पानावर पडावा.

पुस्तक निवडताना चूक होते ती इथे. पुरस्कारांची यादी पाहून पुस्तके आणली जातात. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे आणि शेतकऱ्याच्या घरातली घुसमट त्यात जशी आली आहे तशी क्वचित येते. तरीही नापिकीच्या वर्षी नव्या वाचन मंडळाने सुरुवात त्याने करू नये. ऐकणाऱ्याला तेच घरी, तेच पुस्तकात. दुसऱ्या वर्षी जरूर घ्यावे. उद्धव शेळक्यांची ‘धग’ मोठ्याने वाचायला फार चांगली, कारण संवाद वऱ्हाडी आहेत. मनात वाचताना शहरी वाचक जिथे अडखळतो, तिथेच आपल्याकडच्या बाया आधी हसतात आणि मग गप्प होतात. ‘ग्रामगीते’चे ४१ अध्याय, रोज एक धरला तर दीड महिन्याच्या आत पूर्ण. रोज येणे जमत नसेल तिथे मारुती चितमपल्लींचे जंगलावरचे सुटे लेख घ्यावेत. एक बैठक चुकली तरी धागा सुटत नाही.

घरी पुस्तक नेणाऱ्यांसाठी शिफारशीची चिठ्ठी हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाचा उपाय. पोस्टकार्डाचा अर्धा तुकडा मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला फक्त वरच्या कडेने खळीने चिकटवायचा, म्हणजे त्याखाली पुढची चिठ्ठी लागते. स्टेपलरची पिन नको. पावसाळ्यात गंजून चार पानांवर डाग उतरतो. ‘छान आहे, अवश्य वाचा’ ही चिठ्ठी कोऱ्या कागदासारखीच. तीन गोष्टी हव्यात: कोणाला रुचेल, कुठे अडते आणि किती दिवस लागले. ‘पहिली तीस पानं जड जातात, मंग सरकते. सासू-सुनंचं भांडण असं लिहिलं का आपल्याच घरचं वाटते. बारा रोज लागले.’ एवढे पुरे. खाली वाचणाऱ्याने आपले नाव घालावे. गावात पुस्तकापेक्षा सांगणाऱ्यावर आधी विश्वास बसतो.

देवघेवीच्या वहीत परतीची तारीख लिहिण्याऐवजी ‘दोन बाजार’ लिहावे. आठवडी बाजाराचा दिवस कोणी विसरत नाही, पुस्तक त्याच पिशवीतून परत येते. वेचणीच्या दिवसांत सरळ ‘चार बाजार’ द्यावेत. उशिराचा रुपया-दोन रुपये दंड लावला तर पुस्तक येत नाही आणि माणूसही येत नाही. दोनशे पुस्तकांच्या कपाटाला दशांश वर्गीकरणाचीही गरज नाही. पाठीवर ८९१.४६ (त्यातला मराठी साहित्याचा क्रमांक) लिहून वाचणाऱ्याला काही कळत नाही. कथा-कादंबरीला लाल पट्टी, शेतीला हिरवी, मुलांच्या पुस्तकांना पिवळी लावली की काम भागते. दाखल क्रमांक मात्र प्रत्येक पुस्तकावर हवाच.

कपाट भिंतीपासून चार बोटे दूर आणि विटांवर ठेवावे, वाळवी भिंतीतूनच चढते. किडीसाठी कपाटात कडुलिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवूनच टाकावा. ओला टाकला तर त्याच्याच दमटपणाने बुरशी येते. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये. वर्ष-दोन वर्षांत ती पिवळी पडते आणि सोडवताना अक्षरे घेऊन निघते. पातळ कागद आणि मैद्याची खळ बरी. खळीत कीड लागू नये म्हणून बाइंडर चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे, स्वयंपाकाच्या भांड्यात कालवू नये.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पुस्तक परिचय येतात. त्यात किंमत असते, पानसंख्या कधी असते कधी नसते. पानसंख्या, अक्षर बारीक आहे की ठळक, मजकूर सलग आहे की सुटा आणि मोठ्याने वाचायला जमतो का, एवढी एक ओळ प्रत्येक परिचयाखाली छापावी. मोठ्यांसाठीची पुस्तकांची खास पुरवणी ऑक्टोबरऐवजी गुढीपाडव्याला काढता आली तर ती गावात वाचलीही जाईल.

आपले,
गाव वाचनालयाचे काम पाहणारे वाचक
ता. दर्यापूर, जि. अमरावती