माहितीपानांवरचे तक्ते नीट बांधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रावेर-यावल पट्ट्यातले केळी उत्पादक आता ठिबकमधून खत सोडायचं वेळापत्रक मोबाइलवर बघतात. अॅप चांगलं की वाईट यावर चौकात चर्चा होते, पण त्यासोबतच्या माहितीपानांबद्दल कुणी बोलत नाही. मी जळगावात सॉफ्टवेअरची मराठी माहितीपानं लिहितो, घरची केळी सावद्याला आहे. म्हणून हे पत्र.

गेल्या हंगामात आमच्या नानांनी एका अॅपमधला खतांचा तक्ता मला दाखवला. पोटॅशचा आकडा युरियाखाली आला होता. नानांची उमर बागेत गेली, त्यांना ते लगेच खटकलं. नव्यानं बाग धरलेल्या पोरानं तेच आकडे मशीनला दिले असते.

कारण साधं होतं. लिहिणाऱ्यानं रकाने स्पेस मारून जुळवले होते. ब्राउझर ओळीनं दिलेल्या अनेक स्पेसची एकच करतो. तसं होऊ दिलं नाही तरी देवनागरीत मात्रा आणि जोडाक्षरांमुळे प्रत्येक शब्दाची रुंदी वेगळी, त्यामुळे रकाने सरकतातच. काही जण यावर उपाय म्हणून तक्त्याचा फोटो टाकतात. फोटोतला आकडा शोधता येत नाही, कॉपी होत नाही, डोस बदलला की अख्खं चित्र नव्यानं करावं लागतं.

आमच्या कामात मार्कडाउन ही साध्या मजकुरात खुणा टाकून मांडणी करायची पद्धत जास्त चालते. जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये ती आणली तेव्हा तिच्यात तक्ते नव्हतेच, ते नंतर इतरांनी जोडले. उभ्या रेघेनं रकाने पाडायचे आणि मथळ्याखाली आडव्या रेघांची ओळ द्यायची, इतकं सोपं. पण गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळाच्या नियमांत एक गोष्ट फार जपावी लागते. ओळीत एखादा रकाना कमी पडला तर यंत्र चूक दाखवत नाही, शेवटी रिकामा रकाना जोडून मोकळं होतं. समजा स्फुरद (फॉस्फरस) बेसल डोसमध्येच, म्हणजे लागवडीच्या वेळीच, दिलं आहे, म्हणून लिहिणाऱ्यानं मधली जागा रिकामी न ठेवता गाळलीच, तर पोटॅश सरळ स्फुरदाच्या खाली जाऊन बसतं. रकाने जास्त झाले तर उरलेले गुपचूप गाळले जातात. म्हणून मी रिकाम्या जागी ‘देऊ नये’ असं स्पष्ट लिहितो, आणि माझ्या हाताखालच्या मुलांनाही तेच करायला लावतो.

पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग आणि पावसाळ्यानंतर लावलेली कांदेबाग शेजारीशेजारी दाखवायच्या असतील तर मथळा दोन मजली लागतो. वर बागेचं नाव, खाली खतांची नावं. गिटहबच्या मार्कडाउन तक्त्यात रकाने एकत्र करता येत नाहीत, तिथे एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची मूळ भाषाच हवी. कोलस्पॅन देऊन वरचा मथळा पसरायचा आणि मथळ्याचा रकाना ‘टीएच’ या खुणेनंच करायचा. अक्षर नुसतं ठळक करून भागत नाही. दृष्टिहीन माणूस एनव्हीडीएसारख्या स्क्रीन वाचकावर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, तक्ता ऐकतो, तेव्हा आकडा कुठल्या खताचा आणि कुठल्या महिन्याचा हे त्याला त्या खुणेवरूनच सांगितलं जातं. मार्कडाउन डाव्या कडेच्या महिन्याला मथळा मानत नाही, ते काम एचटीएमएलमध्ये ‘स्कोप’ (मथळा आडव्या ओळीचा की उभ्या रकान्याचा हे सांगणारी सूचना) लिहून आपल्याला करावं लागतं. रंगरूपानं दिसणारी रचना यंत्रालाही कळली पाहिजे, हा नियम अपंगांनाही वेब वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.० या मार्गदर्शक तत्त्वांत २००८ पासून आहे.

शेतीची अॅप करणाऱ्या कंपन्यांनी तक्ता प्रसिद्ध करण्याआधी तो साध्या मोबाइलवर उघडून, एकदा कृषी सहायकाकडून आणि एकदा स्क्रीन वाचकाकडून वाचून घ्यावा. आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांत संगणकाच्या मुलांना प्रोजेक्टचे गुण देताना त्यांनी लिहिलेली माहितीपानंही तपासावीत. सध्या बहुतेक ठिकाणी फक्त कोड बघतात.

आपला,
एक वाचक
सावदा, ता. रावेर, जि. जळगाव