जनुक असणे वेगळे, जागे असणे वेगळे

महोदय,

‘अमुक आजाराचे जनुक सापडले’ अशा बातम्यांमुळे अनेकांना वाटते की यकृताच्या पेशीत फक्त यकृताची जनुके असतात आणि मेंदूच्या पेशीत मेंदूची. हा समज दूर व्हायला हवा. एकाच फलित पेशीपासून आपण घडतो आणि शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच संपूर्ण डीएनए (ज्यात सर्व जनुके असतात) असतो (पक्व लाल रक्तपेशी केंद्रकच टाकून देते, तो अपवाद). प्रथिने घडवणारी जनुके सुमारे २०,०००. इन्सुलिनचे जनुक डोळ्याच्या पेशीतही असते, पण तिथे ते गप्प असते. स्वादुपिंडाच्या बीटा पेशीत मात्र ठरावीक नियंत्रक प्रथिने त्या जनुकाजवळ डीएनएला चिकटतात, त्याची आरएनए प्रत (प्रथिन बनवण्याच्या सूचनांची नक्कल) निघते आणि इन्सुलिन तयार होते. न लागणारी जनुके घट्ट गुंडाळलेली राहतात, काहींवर मिथाइल या छोट्या रासायनिक गटाच्या खुणा बसतात. पेशी विभागली तरी या खुणा पुढे जातात.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे की गप्प जनुकांवरची ही कुलपे उघडता येतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये टॅडपोलच्या (बेडकाच्या पिल्लाच्या) आतड्यातील पेशीचे केंद्रक बेडकाच्या अंड्यात घातले आणि त्यातून नवे टॅडपोल वाढले. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या पक्व पेशींना केवळ चार जनुके देऊन मूळपेशींसारखे, म्हणजे शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकतील असे, केले. दोघांना २०१२ चे नोबेल मिळाले.

पेशींची नावे पाठ करणाऱ्या मुलांसाठी आपल्या विज्ञान पुरवणीत यावर सचित्र लेख द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक विज्ञान शिक्षिका