दालियनहून पत्र

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल आमचं जहाज दालियनला लागलं. ईशान्य चीनमधलं, लियाओनिंग प्रांतातलं हे बंदर. आई, तू विचारायच्या आधीच सांगते: थर्मल, दोन स्वेटर, कानटोपी, सगळं अंगावर होतं. मार्च अर्धा उलटला तरी पहाटेपासून बर्फ पडत होता. धक्क्याबाहेर माणसं फावड्यांनी रस्ता मोकळा करत होती आणि समोरच्या उंच इमारतींचे वरचे मजले दिसतच नव्हते.

आधी शिंगहाय चौकात नेलं. चौक अफाट आहे, पण वाऱ्यापुढे उभं राहवेना. खाडीवरचा २०१५ सालचा मोठा पूल तर बर्फात हरवूनच गेला होता.

मग स्टेशनजवळ आम्ही ट्राममध्ये चढलो. बाबा, खरं तर त्यासाठीच आज लिहायला बसले. २०१ नंबरची ट्राम, जुना डबा, आतून लाकडी. चालवणारी एक बाई होती. लोकांच्या बुटांचा बर्फ वितळून जमीन ओली झाली होती आणि काचेवरची वाफ हाताने पुसली की बाहेर काचेचे टॉवर दिसायचे. शहर रशियनांनी वसवलं, १९०५ मध्ये ते जपानकडे गेलं आणि १९०९ साली जपान्यांनी ट्राम सुरू केली. आपल्या मुंबईत विजेची ट्राम १९०७ ची, म्हणजे दोघी जवळपास एकाच वयाच्या. आपली ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, ही मात्र अजून धावते आहे. इथे मेट्रो आली, समुद्र हटवून नवी वस्ती उभी राहिली, तरी हिला कुणी मोडीत काढलं नाही. मला त्याचं फार अप्रूप वाटलं, आणि आपल्या ट्रामसाठी हळहळही. शेजारच्या आजोबांनी नातवाला खिडकीपाशी बसवलं होतं. तुम्हाला आजोबा असेच बसवायचे ना?

आई, उतरल्यावर फुटपाथवर एक बाई लोखंडी पिंपात रताळी भाजत होत्या. साल काळी पडून सुटलेली, आतला गर पिवळाधमक आणि इतका गोड की तूप-मीठ काही लागलं नाही. आखडलेल्या बोटांत ते धरलं तेव्हा जीवात जीव आला. एकादशीला तू केलेला कीस आठवला. पैसे मोबाइलवरच दिले. पिंपावरच कोड चिकटवलेला.

चुंगशान चौकाला नुसता फेरा मारला. तिथून दहा रस्ते फुटतात आणि भोवती जपानी काळातल्या बँका-हॉटेलं आहेत. त्यांचे फोटो वेगळे पाठवते.

बाबा, शेवटच्या दिवशी बोरीबंदर ते दादर ट्रामला लोटलेली गर्दी तुम्ही नेहमी सांगता. तुम्ही कुठल्या थांब्यावर उभे होतात, बरोबर कोण होतं, हे एकदा सगळं आईकडून लिहून घ्या. तुमचा हात थरथरतो, ती लिहील. मला ते जपून ठेवायचं आहे.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांगा, लाजू नका.

तुमची,
मनू